तिसरी शाखा

कथानकातील रिक्त जागा वाचकासाठी राखलेली असते, भगदाड मात्र लेखकाच्या नकळत पडते, असा भेद समीक्षा सहसा करते. निन्टेन्डोच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या जपानी व्हिडिओ गेम-मालिकेत तो फारसा टिकत नाही. ‘ऑकरिना ऑफ टाइम’च्या (१९९८) अखेरीस राजकन्या झेल्डा विजयी नायक लिंकला त्याच्या बालपणात परत पाठवते आणि काळ दुभंगतो. लिंकवाचून उरलेल्या जगाची कथा ‘द विंड वेकर’ (२००२) सांगते. तो परतला त्या जगाची ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ (२००६). परंतु ज्याची पूर्वकथा ‘ऑकरिना’ला सांगायची होती, तो १९९१ चा ‘अ लिंक टू द पास्ट’ या दोहोंत बसेना. २०११ च्या अखेरीस जपानमध्ये निघालेल्या ‘हायरूल हिस्टोरिया’ या अधिकृत ग्रंथाने मग तिसरी शाखा मांडली: अंतिम युद्धात लिंक हरला तर?

ही डागडुजी ओढूनताणून केलेली आहे, हे उघड आहे. तिचा आधार मात्र विलक्षण आहे. गॅननपुढे कोसळलेला खेळाडू तो पराभव जमेस धरीत नाही. पडदा काळवंडतो आणि तो पुन्हा लढू लागतो. कादंबरीच्या वाचकाला असे अपयश ठाऊकच नसते. येथे त्या पुसल्या गेलेल्या प्रयत्नाला वंशावळ लाभली, आणि १९८६ चा मूळ खेळही तिच्यातच येतो. खेळाडूंनी १३ वर्षे आपापल्या तर्कांनी भरलेली जागा निर्मात्यांनी बुजविली, तीही खेळाडूंच्याच पराभवाने. पुढे ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) त्यांनी कोणत्याच शाखेला जोडला नाही.