तिसरी सही

माझा पहिला पासपोर्ट निघाला तो भाचीच्या लग्नासाठी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. तोवरचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे शाळेच्या सहलीबरोबर कन्याकुमारी. गल्लीत ‘डर्बनला जातेय’ म्हणून सांगितलं, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, “दरभंगा? बिहारात कोण आहे तुमचं?”

भाची म्हणजे ताईची एकुलती एक मुलगी. क्षयरोगावर संशोधन करायला म्हणून डर्बनला गेली आणि तिथेच रमली. मुलगा तिथलाच. त्याच्या खापरपणजोबांना तमिळ मुलखातून उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर म्हणून नेलेलं. लग्न डिसेंबर २०२३ मध्ये ठरलं. ताईचा फोन आला, “तू येशील ना?”

त्या ‘ना’मध्ये एकोणचाळीस वर्षं होती. ती तिला ऐकू आली की नाही, ठाऊक नाही. मला आली.

ताईचं लग्न १९८४ सालचं. भाऊजी बौद्ध, पुलगावच्या डेपोत नोकरीला. आमचं घर दुसऱ्या जातीचं. वडील मास्तर, अंगावर कायम खादी, रोज सकाळी अर्धा तास सूत काढणार. दर २ ऑक्टोबरला आम्हा दोघींना सायकलवर पुढे-मागे बसवून सेवाग्रामला नेणार. वर्ध्यापासून ते आठेक किलोमीटर. बापू कुटीच्या सारवलेल्या जमिनीवर बसून प्रार्थना म्हटल्याशिवाय आमचं लहानपण पुढे सरकलंच नाही.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते आणि ती तीस दिवस कचेरीतल्या फलकावर लागते. तीच कुणीतरी वाचली आणि वडिलांच्या कानावर घातली. त्या रात्री वडील ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “गांधी वेगळे, घर वेगळं.” दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे चरख्यावर बसले. ताई त्याच आठवड्यात मैत्रिणीकडे राहायला गेली.

याच कायद्याला तीन साक्षीदार लागतात. दोन भाऊजींचे मित्र होते. तिसरी मी असावी असं ताईच्या मनात होतं. तिने माझ्या मैत्रिणीच्या हाती चिठ्ठी पाठवली: ‘अकरा वाजता ये. फक्त सही करायची आहे.’ मी एकोणीस वर्षांची होते, म्हणजे सही करायला कायद्याने पात्र होते. वडिलांना कॉलेजचं सांगून निघाले. कचेरीच्या फाटकापर्यंत गेले. आतल्या झाडाखाली भाऊजींची सायकल उभी दिसली. मी माझी सायकल वळवली आणि खरंच कॉलेजात जाऊन बसले. त्या दिवशी कोणता तास होता ते आजही आठवतं: मराठेशाहीचा उत्तरार्ध.

नंतर ताईला सांगितलं, वडिलांनी घराबाहेर पडू दिलं नाही. ती म्हणाली, “मला वाटलंच.” पुढे भाची झाली, वडील विरघळले, ताईचं येणंजाणं सुरू झालं. भाऊजी मात्र वडील होते तोवर ओसरीच्या आत आले नाहीत. त्यांना कुणी ‘येऊ नका’ म्हटलं नव्हतं, पण ‘या’ असंही कुणी म्हटलं नव्हतं. चहा मीच बाहेर नेऊन द्यायची. मी खोटं बोलले होते ही गोष्ट त्या कपबशीसोबत रोज आत-बाहेर करत राहिली.

पुढे मी इतिहासाची शिक्षिका झाले. मुलांना घेऊन सेवाग्रामला किती वेळा गेले याची गणती नाही. १९३६ साली गांधी शेगावला राहायला आले, पुढे त्याच गावाचं सेवाग्राम झालं, ही आदि निवास, ही बा कुटी, ही बापू कुटी. तोंडपाठ. शेवटच्या वर्षांत गांधींनी ठरवलं होतं की वधू-वरांपैकी एक जण हरिजन असल्याशिवाय लग्नाला आशीर्वाद द्यायचा नाही, हेही सांगायची. मुलं लिहून घ्यायची. सांगताना माझा आवाज कधी अडखळला नाही. याचीच आता लाज वाटते.

तर आम्ही निघालो. ताई, भाऊजी आणि मी. नागपूर, मुंबई, दुबई, डर्बन. माझ्या बॅगेत गोरसपाकाचे चार डबे आणि हळदीसाठी वायगावची हळद. “त्यांच्याकडं काय हळद मिळत नाही?” असं भाऊजी प्रत्येक विमानतळावर विचारत होते. आम्ही वर्ध्यात स्वेटर घालून निघालो होतो, उतरलो तर तिथे भर उन्हाळा, दमट हवा, आणि विमानतळाबाहेर पडताच दोन्ही बाजूंना ऊस. घड्याळ साडेतीन तास मागे केलं.

मुलाचं घर चॅट्सवर्थमध्ये. वर्णभेदाच्या काळात ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने भारतीयांना जिथे नेऊन वसवलं, त्यातली ही मोठी वस्ती. बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर एक चौकट टांगलेली होती. त्यात खापरपणजोबांच्या जहाजाच्या यादीची प्रत. १८६० ते १९११ या काळात दीड लाखांवर मजूर नाताळला उतरले आणि प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला. यादीत नाव, बापाचं नाव, वय, गाव, उंची, अंगावरची खूण. आणि एक रकाना जातीचा. तिथे काहीतरी लिहिलं होतं.

मी विहीणबाईंना विचारलं, “ही कोणती जात?”

त्या चष्मा वर करून जवळ गेल्या. म्हणाल्या, “आम्हाला तरी कुठे माहीत? आमच्यात आता हे वाचता येणारं कुणी उरलं नाही.”

आमचं बोलणं इंग्रजीत चाललेलं. भाऊजींना मी मराठीत सांगितलं. ते बराच वेळ त्या चौकटीसमोर उभे राहिले. मग म्हणाले, “चाला, जेवून घेऊ.”

लग्न एका साध्या हॉलमध्ये झालं. आधी त्रिशरण आणि पंचशील. भाऊजींनी स्वतः म्हटलं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींसमोर उभं राहून, आवाज जराही न कापता. मग तमिळ पद्धतीने ताळी बांधली. नादस्वरम् वाजवणारे दोघं तिथल्याच मातीत वाढलेले. वायगावची हळद सगळ्यांच्या गालांवर लागली आणि विहीणबाईंनी उरलेली पुडी लपवून ठेवली, ती मी पाहिली.

मग नोंदणीचं टेबल. तिथे दोन साक्षीदार पुरतात. मुलाकडून त्याचे काका बसले. भाचीने हॉलभर नजर फिरवली आणि हाक मारली, “मावशी, ये ना. सही कर.”

माझे पाय हलेनात. ताई माझ्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे मला वाचता येईल असं काही नव्हतं. मी गेले, पासपोर्ट दाखवला, सही केली. चौतीस वर्षं हजेरीपटावर सह्या केलेला हात, पण अक्षर वाकडं आलं. अधिकारी म्हणाले, “चालेल.”

लग्नानंतर नवरा-नवरी फिरायला गेले आणि आम्ही तिघं म्हातारे विहीणबाईंच्या ताब्यात आलो. चार दिवस होते. समुद्र झाला. पोखरलेल्या पावात रस्सा भरून देतात तो ‘बनी चाऊ’ झाला. (“सावजीपुढं काहीच नाही,” इति भाऊजी. पण संपवला.) पीटरमॅरित्झबर्ग झालं. ते ऐंशीएक किलोमीटरवर. ७ जून १८९३ च्या रात्री गांधींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून जिथे उतरवलं ते स्टेशन. लाल विटांचं, लहानसं. मी वर्गात ते नेहमी फार मोठं करून सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी फिनिक्स. डर्बनच्या उत्तरेला इनांडा भागात, वीस-पंचवीस किलोमीटरवर. १९०४ साली गांधींनी शंभर एकर घेऊन वसवलेला हा पहिला आश्रम. ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना इथेच आला. मला वाटलं होतं, सेवाग्रामसारखी झाडी असेल, शांतता असेल. प्रत्यक्षात सभोवार दाटीवाटीची वस्ती, वाळत घातलेले कपडे, रस्त्यात फुटबॉल खेळणारी पोरं. वस्तीचं नाव भांबायी. ‘बॉम्बे’चाच झुलू उच्चार. १९८५ च्या दंगलीत इथल्या भारतीय कुटुंबांना पळावं लागलं, तेव्हा गांधींचं घरही जळालं. नंतर ते पुन्हा उभारलं आणि २००० साली अध्यक्ष थाबो म्बेकींच्या हस्ते खुलं झालं. विहीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या वर्षी त्या तरुण होत्या आणि त्यांच्या मावशीचं घरही याच भागात होतं, एवढंच म्हणाल्या.

घर लाकडाचं आणि पत्र्याचं. आमच्याकडची कुटी मातीची, बांबूची, कवेलूची. पण आत शिरल्यावर तीच ठेंगणी उंची, तोच मोकळेपणा. ताई म्हणाली, “घरी आल्यासारखं वाटते.”

आत भिंतीवर १९१३ ची माहिती होती. मला ती पाठ होती, पण त्या दिवशी ती वेगळी वाचली. १४ मार्च १९१३ ला केपच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ख्रिस्ती विधीने न झालेली, नोंदणी नसलेली लग्नं या देशात लग्न म्हणून धरली जाणार नाहीत, असा त्याचा अर्थ निघाला. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळ्या बायका एका दिवसात बायका उरल्या नाहीत. आजवर लढ्यात नसलेल्या बाया यानंतर बाहेर पडल्या. सप्टेंबरात फिनिक्समधून सोळा जणांची पहिली तुकडी निघाली, तीत कस्तुरबा होत्या. परवान्याशिवाय ट्रान्सवालची हद्द ओलांडली म्हणून त्यांना तीन महिने सक्तमजुरी झाली आणि ती त्यांनी पीटरमॅरित्झबर्गच्या तुरुंगात काढली. १९१४ च्या कायद्याने ती लग्नं मान्य झाली.

मी ताईला हे मराठीत सांगत होते. सांगता सांगता सुशीलाबेनही आठवल्या. अकोल्याच्या मशरूवाला घराण्यातली मुलगी, १९२७ साली मणिलाल गांधींशी लग्न होऊन इथे, याच माळावर आली. नवरा गेल्यावर तिने १९६१ पर्यंत ‘इंडियन ओपिनियन’ चालवलं. आपल्या विदर्भातली सून म्हणून मला तिचा नेहमी अभिमान वाटे. पण त्याच्या आदल्या वर्षी मणिलालांना केप टाऊनच्या एका मुस्लिम मुलीशी लग्न करायचं होतं आणि गांधींनी पत्र लिहून ते होऊ दिलं नव्हतं. हा भाग मी वर्गात कधी सांगितला नाही.

“म्हणजे त्यांचंही तेच,” ताई म्हणाली. “गांधी वेगळे, घर वेगळं.”

वडिलांचं वाक्य तिला जसंच्या तसं आठवत होतं. आणि ते ज्यांच्याबद्दल होतं, त्यांनाच आता लागू पडत होतं. फरक एवढाच की ते पुढे बदलले. मणिलालला अडवणारा बाप पुढे दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. आमच्या वडिलांना तेवढा वेळ मिळाला नाही, की त्यांनी तो घेतला नाही, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पण त्या दिवशी प्रश्न वडिलांचा नव्हताच.

भाऊजी बाहेर सावलीत बसले होते. आम्ही दोघी त्यांच्याशेजारी जाऊन टेकलो. मी म्हटलं, “ताई, त्या दिवशी वडिलांनी मला अडवलं नव्हतं. मी निघाले होते. फाटकापर्यंत आले होते.”

ताई काही बोलली नाही. समोर पोरांचा चेंडू कुंपणाला येऊन आदळला.

भाऊजी म्हणाले, “मी पाहिलं होतं तुले.”

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो.

“व्हरांड्यात उभा होतो. तू येशील म्हणून. तू सायकल वळवली ते दिसलं. मग बाहेर झाडाखाली एक टायपिस्ट बसला होता, त्याले म्हटलं, बाबा, एक सही पाहिजे. तो मशीन तशीच सोडून आला.”

“मला कधी सांगितलं नाहीत,” ताई म्हणाली.

“सांगून काय झालं असतं? माहेरचं एकच माणूस राहिलं होतं तुझं.”

एकोणचाळीस वर्षं ओसरीवर ज्यांना मी चहा दिला, त्यांना प्रत्येक कपाच्या वेळी हे माहीत होतं. मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. तिचा अर्थ ‘असू दे’ असा होता, की ‘उशीर झाला’ असा, हे मी विचारलं नाही. ताई उठली आणि एकटीच छापखान्याच्या इमारतीकडे चालत गेली. अर्ध्या तासाने परत आली. गाडीत माझ्या शेजारी बसली, पण डर्बन येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

परत आल्यावर महिनाभर तिचा फोन नव्हता. मीही केला नाही. मग एका रविवारी ती आली, पिशवीत एक जुनं पाकीट घेऊन. त्यात १९८४ चं लग्नाचं प्रमाणपत्र. घड्यांवर फाटत आलेलं. तिने ते टेबलावर पसरलं आणि तिसऱ्या साक्षीदाराच्या नावावर बोट ठेवलं. मी ते नाव पहिल्यांदाच वाचलं. अक्षर वळणदार, टायपिस्टचं वाटणार नाही असं सुंदर.

“तू हे पाहावं असं वाटलं,” ताई म्हणाली. “बाकी काही नाही.”

भाऊजी बाहेर स्कूटर लावत होते. मी दारात जाऊन म्हटलं, “आत या.” मग चहा टाकला. तिघांनी स्वयंपाकघरात बसून घेतला.