फोन वाजतो, कुणी उचलत नाही

मध्य ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी वस्तीत रस्त्याकडेला सार्वजनिक फोन आहे. तो वाजतो. कुणी उचलत नाही. काही वेळाने पुन्हा वाजतो. वॉरविक थॉर्नटनच्या ‘सॅमसन अँड डिलायला’मध्ये (2009) हे इतक्या वेळा होतं की आधी हसू येतं, मग चिडचिड होते, आणि मग आपलंही त्या आवाजाकडे लक्ष जाईनासं होतं. इथवर आलो की आपण वस्तीतलेच झालेलो असतो.

बाहेरच्या पडवीत सॅमसनच्या भावाचा बँड रोज तीच एक रेगेची चाल घोटत बसतो. सॅमसन उठतो, पेट्रोल हुंगतो, भटकतो. डिलायला आजीला गोळ्या देते, चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात नेते, तिच्याबरोबर जमिनीवर बसून चित्रं रंगवते.

सुमारे 16 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत हा चित्रपट झाला. थॉर्नटन ॲलिस स्प्रिंग्जचाच. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण तिन्ही त्याचं. रोवन मॅकनमारा आणि मारिसा गिब्सन दोघंही पडद्यावर नवखे. कान चित्रपट महोत्सवात पदार्पणातल्या चित्रपटासाठीचा ‘कॅमेरा दोर’ मिळाला. पण कमी पैशांत केलं याचं मला फारसं अप्रूप नाही. कमी पैशांत वाईट सिनेमेही पुष्कळ निघतात. अप्रूप आहे ते शब्दांच्या काटकसरीचं. नायक अख्ख्या चित्रपटात जेमतेम स्वतःचं नाव उच्चारतो, तेही अडखळत. प्रेम जमतं ते दगड भिरकावून. तो आपली गादी तिच्या कुंपणापलीकडे फेकतो, ती परत इकडे फेकते. एका रात्री तो मोठ्याने गाणं लावून अंगात आल्यासारखा नाचतो. ती गाडीत बसून आपल्या कॅसेटवरचं स्पॅनिश गाणं ऐकत त्याच्याकडे बघते. पडद्यावर नाच त्याचा आणि कानात गाणं तिचं. प्रेमप्रसंगाला याहून जास्त काय लागतं?

आजी जाते. बायका डिलायलाला दोष देऊन झोडपतात. दोघं वस्तीची गाडी चोरून ॲलिस स्प्रिंग्ज गाठतात आणि टॉड नदीच्या कोरड्या पात्रात, पुलाखाली राहतात. शहरातल्या गॅलरीत डिलायलाला आजीचं चित्र दिसतं. आजीच्या हातात चार नोटा टेकवून नेलेल्या चित्रांची इथली किंमत हजारो डॉलरांत आहे. यावर कुणी भाषण करत नाही. पेट्रोलच्या धुंदीत सॅमसन पुढे चालत राहतो आणि त्याच्या पाठीमागे तिला पळवून नेतात. आपल्याला दिसतं, त्याला नाही. हा प्रसंग मला पुन्हा बघवत नाही.

शेवटी जायबंदी पायाची डिलायलाच परत येते, त्याला तिच्या माणसांच्या जमिनीवर घेऊन जाते, न्हाऊ घालते, शिकार करून आणते. याला आशा म्हणता येईल. मला मात्र त्या पाण्यात बसलेल्या सॅमसनचा राग येतो. आधी आजी, आता हा. चित्रपटभर कुणाचीच गय न करणारा दिग्दर्शक शेवटी या एका मुलीकडून जरा फारच मागतो.