पोंभुर्ण्याची वैनगंगा आणि आपली मोरी

मैत्रिणींनो, नदी पाहायला म्हणून पोंभुर्ण्याला कुणी मुद्दाम जात नाही. मीही गेले ती नणंदेच्या घरी, दिवाळीनंतर चार दिवस. नागपूरहून उमरेड, नागभीड, सिंदेवाही करत मूलला यायचं आणि तिथून पोंभुर्ण्याची वाट धरायची. दोन्हीकडे धानाची शेतं, बांधांवर मोहाची झाडं, मध्येच सागाचं रान. कापणी चालू होती.

तालुक्याच्या कडेनं वैनगंगा वाहते. पलीकडचा काठ गडचिरोली जिल्ह्याचा. संध्याकाळी आम्ही बायका नदीवर गेलो. रुंद पात्र, वाळू, ढिवरांचे डोंगे. मी ओंजळ भरून तोंडाला लावणार, तोच नणंदेच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, “बाई, तुमच्या नागपुरातलं पानी फिरून फिरून इकडंच येते म्हन्तेत. खरं आहे का जी?”

काय सांगू, ओंजळीतलं पाणी तसंच गळून गेलं! खरंच होतं ते. शहराच्या मोऱ्यांचं पाणी नाग नदीत, नाग मिळते कन्हानला, कन्हान वैनगंगेला. मग गोसीखुर्द धरणातून पुढे ती इथवर येते. इतकी वर्षं मोरीत बादल्या उपड्या केल्या, पण त्या पाण्याच्या वाटेवर कुणाचं गाव असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

परतल्यावर ह्यांच्या मागे लागून भांडेवाडीचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र पाहून आले. नाकाला पदर लावूनच गेले म्हणा! आधी जाळ्यांत चिंध्या, पिशव्या अडकतात. मग रेती खाली बसते. पुढे मोठाल्या हौदांत पाण्यात हवा सोडतात. त्या हवेवर वाढणारे सूक्ष्म जंतू घाण खाऊन टाकतात. विरजणातले जंतू दुधाचं दही करतात ना, तसेच हेही आपले मदतनीस. नंतर हवा बंद केली की गाळ तळाशी बसतो आणि वरचं निवळ पाणी काढून घेतात.

घाण तशीच नदीत गेली, तर हेच जंतू ती नदीत खातात. पण खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. मासे गुदमरतात आणि ढिवराचं जाळं रिकामं येतं. म्हणून हे काम नदीच्या आधीच उरकायचं.

या केंद्राची क्षमता दिवसाला 20 कोटी लीटर आहे. इथलं बरंच पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं. तितकं धरणाचं पाणी वाचतं. तरी सगळ्या शहराचं सांडपाणी अजून इथवर पोचत नाही, हे नाग नदीकडे पाहिलं की कळतंच.

मग आपण काय करायचं? तळणाचं उरलेलं तेल मोरीत ओतू नका. कापूस, कापडाच्या घड्या, उरलेली औषधं संडासात टाकू नका. घरी सेप्टिक टँक असेल तर वेळच्या वेळी उपसून घ्या, आणि फिनेलचा मारा करू नका. टाकीतले कामकरी जंतूच मरतात. लहान गावात मोरीच्या पाण्याला शोषखड्डा पुरतो.

सासूबाईंना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आता भांडी घासताना ताटातलं खरकटं आधी काढून ठेवते, आणि दर वेळी त्यांचा तो प्रश्न ऐकू येतो.