बदलीनंतरचे मोल

गुजराती व्यापारी दिवाळीला पूजतात तसला, लाल कापडी बांधणीचा एक चोपडा आमच्या सावलीच्या घरी आहे. त्यात रुपया-पैशाचा हिशेब मुळीच नाही. आहे तो क्रिकेटपटूंचा. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे आयपीएलचे सामने सप्टेंबरात, तेही अमिरातीत, खेळवले गेले. तेव्हा घरात कोंडलेल्या बारा वर्षांच्या माझ्या नातीने हा उद्योग सुरू केला आणि अक्षर बरे म्हणून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. आकडेमोड तिची, लेखन माझे. चाळीस वर्षे सरकारी कागद काळे केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असे बिनपगारी कारकुनीचे पद मिळावे, हे भाग्यच म्हणायचे.

खेळ साधा आहे. नातेवाइकांची सहा घरे: दोन सावलीची, तीन बडोद्याची व एक इंदूरचे. प्रत्येक घराला कागदावरचे शंभर रुपये मिळतात. हंगामापूर्वी नात प्रत्येक खेळाडूचे मोल ठरवते, त्या आकड्यापासून फोनवर बोली सुरू होते आणि जो तो आपापले अकरा खेळाडू घेतो. एक खेळाडू एकाच घरी. मग खरा खेळाडू खऱ्या मैदानावर जे करील त्याचे गुण त्या घराच्या खाती जमा होतात: धावेला एक, बळीला पंचवीस, झेलाला आठ. ज्या घरचे गुण सर्वांत कमी, त्याने बाकीच्यांना शेव-उसळ खिलवायची. अशा काल्पनिक संघांची कल्पना मूळची अमेरिकेतील बेसबॉलची. १९८० मध्ये डॅनिअल ओक्रेंट नावाच्या लेखकाने आपल्या मित्रांना जमवून न्यूयॉर्कमध्ये असा खेळ मांडला आणि ज्या उपाहारगृहात ही मंडळी जमत त्याच्या नावावरून त्याला नाव दिले. तेव्हा खाण्याचा व या खेळाचा संबंध आमच्या शेव-उसळीपेक्षा जुना आहे.

या खेळात खरी कसोटी लागते ती हंगाम नसताना. सामने संपले, की संघमालक आपसांत खेळाडूंची देवघेव करतात. कधी माणसाच्या बदल्यात माणूस, कधी नुसती रोकड. माणूस तोच, त्याची बॅट तीच, वयही फार तर काही महिन्यांनी वाढलेले. तरीही त्याच्या नावापुढचा आकडा आम्हाला खोडून पुन्हा लिहावा लागतो. पहिल्या वर्षी मला हे कळेना. मी म्हणालो, ‘‘अगं, सोने कोणत्याही पेढीवर ठेवले तरी सोनेच.’’ त्यावर तिने विचारले, ‘‘पण आजोबा, तो फलंदाजीला कितव्या क्रमांकावर येणार?’’

सगळे मर्म या प्रश्नात आहे. वीस षटकांत चेंडू एकशेवीस. सलामीला येणाऱ्यापुढे ते सगळे असतात. सहाव्या क्रमांकावरच्याच्या वाट्याला कधी पंचवीस, कधी पाच. नव्या संघात त्याच्या जागी आधीच कोणी बसला असेल, तर उत्तम फलंदाजही ताटकळतो. देवदत्त पडिक्कल बेंगळूरकडून सलामीला येत असे. २०२० मध्ये त्याने ४७३ धावा केल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात राजस्थानने त्याला लखनौला दिले व त्याच्या बदल्यात आवेश खान घेतला. पुढच्या हंगामात पडिक्कलच्या सात सामन्यांत मिळून ३८ धावा झाल्या आणि आवेशने १९ बळी घेतले. मी पडिक्कलवर अकरा रुपये मोजले होते. त्या वर्षीची शेव-उसळ माझ्याकडूनच झाली, परंतु त्याला पडिक्कल एकटा कारण नव्हता. दुसरे कारण हार्दिक पंड्या.

हार्दिक जन्माने सुरतेकडचा. पण तो लहान असतानाच कुटुंब बडोद्याला आले आणि किरण मोऱ्यांच्या अकादमीत दोघे भाऊ घडले. त्यामुळे बडोद्यातील प्रत्येक मराठी घराला तो आपल्या गल्लीतला वाटतो. २०२२ मध्ये गुजरातचा नवा संघ निघाला, हार्दिक त्याचा कर्णधार झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने अजिंक्यपद मिळवून दिले. अंतिम सामना अहमदाबादला झाला व त्यात १७ धावांत ३ बळी घेऊन सामनावीरही तोच ठरला. त्या रात्री सावलीच्या बाजारात फटाके वाजले. आणि २०२३ च्या नोव्हेंबरअखेर बातमी आली, की हार्दिक गुजरात सोडून पुन्हा मुंबईच्या संघात जात आहे. व्यवहार पंधरा कोटींचा. तेवढी रक्कम मोकळी व्हावी म्हणून मुंबईने कॅमेरॉन ग्रीन या ऑस्ट्रेलियनाला साडेसतरा कोटींना बेंगळूरला दिले.

नातीने हार्दिकच्या नावापुढे दहा लिहायला सांगितले. मी लिहिले; पण लिलावात त्याच्यावर बोली लावली नाही. कारण विचारले तेव्हा घोट्याचे सांगितले. विश्वचषकात, १९ ऑक्टोबर २०२३ रोजी, पुण्याजवळच्या गहुंजे येथे बांगलादेशाविरुद्ध गोलंदाजी करताना त्याचा घोटा दुखावला होता आणि तेव्हापासून तो खेळलेला नव्हता. कारण बिनतोड होते. फक्त खरे नव्हते.

खरे कारण असे, की त्याच दिवाळीनंतर माझ्या मुलाने बडोद्यातील नोकरी सोडली आणि तो बायकामुलीसह पुण्याला गेला. तेथे पगार चांगला, काम त्याच्या आवडीचे. अडवावे असे माझ्यापाशी काही नव्हते आणि मी अडवले नाही. पण फार बोललोही नाही. चोपड्यात सातवे घर वाढले. त्याचे नाव मी ‘पुणे (तात्पुरते)’ असे लिहिले. अशा मनःस्थितीत टीव्हीवर हार्दिक दिसला, की मला तो घोटा दुखावलेला अष्टपैलू न दिसता निघून गेलेला मुलगाच दिसे. नातीने त्याला पुण्याच्या घरासाठी दहा रुपयांत उचलले. दुसऱ्या कोणी बोली वाढवली नाही.

पुढे काय झाले ते सर्वांनी पाहिले. २४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादेत गुजरातविरुद्ध तो मुंबईचा कर्णधार म्हणून उतरला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तेथल्या लोकांचा राग समजण्यासारखा होता. परंतु आठवड्याभराने वानखेडेवरही तेच झाले, कारण रोहित शर्माला बाजूला करून त्याला कर्णधार केले होते. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागण्यास सांगावे लागले. मुंबईचा संघ दहा संघांत दहावा आला. मी मनात म्हटले, बरे झाले, आपण त्याला घेतले नाही.

हंगाम संपल्यावर नातीने फोनवरून आकडे सांगितले आणि मी ते एकाखाली एक लिहिले. झेल वगळून हिशेब असा. २०२३ मध्ये, गुजरातचा लाडका कर्णधार असताना, हार्दिकने १६ सामन्यांत ३४६ धावा केल्या व ३ बळी घेतले: ४२१ गुण, म्हणजे सामन्यामागे सव्वीस. २०२४ मध्ये, हुर्यो झेलत, १४ सामन्यांत २१६ धावा व ११ बळी: ४९१ गुण, सामन्यामागे पस्तीस. मी बेरीज दोनदा तपासली. बदलीनंतर आमच्या चोपड्यात त्याचे मोल वाढले होते!

याचे कारण नातीनेच समजावले. गुजरातकडे २०२३ मध्ये शमी, मोहित शर्मा आणि राशिद खान असे तिघे होते व प्रत्येकाने पंचवीसहून अधिक बळी घेतले. कर्णधाराने स्वतः चेंडू हाती घेण्याची गरजच नव्हती. तो वरच्या क्रमांकावर फलंदाजी करी. मुंबईत वरच्या जागा भरलेल्या, म्हणून धावा घटल्या. पण बुमराह सोडला तर गोलंदाजी उघडी पडलेली, म्हणून त्याला षटकेच्या षटके टाकावी लागली. धावेला एक आणि बळीला पंचवीस या आमच्या हिशेबात हा सौदा नफ्याचा. ग्रीनचेही तसेच. मुंबईकडून तिसऱ्या क्रमांकावर येऊन त्याने २०२३ मध्ये शतकासह ४५२ धावा केल्या होत्या. बेंगळूरकडून २०२४ मध्ये २५५ च, पण बळी सहावरून दहावर गेले आणि सामने कमी खेळूनही सामन्यामागचे गुण जवळजवळ तेवढेच राहिले. दोन्ही वेळा लोक फक्त धावांकडे पाहत होते. मीही तेच केले, आणि वर माझा राग.

वास्तविक मला हे कळायला हवे होते. नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. एका कचेरीत लोकांची वर्दळ असलेल्या मेजावर होतो. अर्जदार नावाने ओळखत, वरिष्ठ वाखाणत. तेथून उचलून एका आडबाजूच्या कचेरीच्या दप्तरखान्यात टाकले. त्या तीन वर्षांत वाळवी लागलेल्या जुन्या फेरफार नोंदींची मी जी लावणी केली तिच्याएवढे उपयोगाचे काम पुढेमागे माझ्या हातून झाले नाही. गोपनीय अहवालात शेरा मात्र ‘साधारण’. मोजणाऱ्याच्या कोष्टकात त्या कामाला रकानाच नव्हता. हा सल मी वर्षानुवर्षे उगाळला आहे, घरच्यांना त्याचा कंटाळा येईपर्यंत. आणि तरीही हार्दिकपुढे पेन हाती धरताना तो मला आठवला नाही.

आणि बडोदेकराने तरी बदलून जाणाऱ्यावर का रागवावे? आमच्या क्रिकेटचे वैभवच मुळी बाहेरून आलेल्यांनी उभे केलेले. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी पुण्यास महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा काढल्या त्या बडोद्याच्याच गोलंदाजीवर! त्या वर्षी व पुढच्या वर्षीही रणजी करंडक प्रा. देवधरांच्या महाराष्ट्राने जिंकला. असा विजेता संघ सोडून हजारे १९४१ मध्ये बडोद्यास आले. त्या काळी संघमालक नव्हते, संस्थाने होती. कोटींचे आकडे नव्हते, संस्थानची नोकरी होती. बडोद्याने १९४२-४३ मध्ये करंडक जिंकला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध हजारे २८८ व लाहोरचे गुल महंमद ३१९ यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. कोणत्याही गड्यासाठीचा तो जागतिक विक्रम २००६ पर्यंत अबाधित होता. पुण्यात हजाऱ्यांवर कोणी रागावले असेल काय? असेलही. पण २००४ मध्ये त्यांनी देह ठेवला तो बडोद्यातच.

झहीर खानची कथा उलट्या दिशेने संपते. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरचा हा मुलगा बडोद्याकडून खेळून मोठा झाला. २०००-०१ मध्ये रेल्वेला २१ धावांनी हरवून बडोद्याने तेहेतीस-चौतीस नव्हे, तब्बल त्रेचाळीस हंगामांनी करंडक आणला, त्या संघात तो होता. २००६ मध्ये तो मुंबईकडे गेला. २००९ मध्ये आयपीएलमध्ये पहिल्यांदाच अशी अदलाबदल झाली तेव्हाही नाव त्याचेच: बेंगळूरने त्याला मुंबईस दिले व रॉबिन उथप्पाला घेतले. झहीरवर आमच्याकडे कोणी रागावल्याचे मला आठवत नाही. तेव्हा माझा मुलगा घरी होता.

हे सर्व मी नातीला एका संध्याकाळी फोनवर सांगितले, मुलाविषयीचे वगळून. ती म्हणाली, ‘‘आणि आपण, आजोबा? आपण तरी इथले कुठे होतो?’’ सावलीत पिलाजीराव गायकवाडांची छत्री आहे. १७३२ मध्ये डाकोरास त्यांचा खून झाला आणि देह सावलीस आणून दहन केला. त्यांच्या मागोमाग दख्खन सोडून जी घरे इकडे आली त्यांत आमचेही एक, असे घरात सांगत आले आहेत. मागे राहिलेल्यांनी तेव्हा कोणत्या वहीत काय लिहिले असेल, कोण जाणे.

खऱ्या पैशांवर चालणारे असले खेळ २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंद केले. ते योग्यच झाले. आमच्या शेजारच्या एका तरुणाने त्यापायी दुचाकी विकलेली मी पाहिली आहे. आमच्या चोपड्याला त्याची झळ लागली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठी अदलाबदल झाली. राजस्थानने संजू सॅमसनला चेन्नईस दिले आणि रवींद्र जडेजा व सॅम करन यांना घेतले. अठरा कोटींचा जडेजा चौदा कोटींवर आला. तेरा मांडावे, असे माझे मत. कारण २००८ मध्ये त्याच राजस्थानातून तो निघाला होता, माणूस पहिल्या घरी परतला की खुलतो. नात म्हणाली, चेन्नईची खेळपट्टी फिरकीला साथ देते, जयपूरची तशी देणार नाही; शिवाय वय सदतीस होत आले. नऊ. आमची पाऊण तास हुज्जत चालली. मध्येच फोनवर मुलाचा आवाज आला. या खेळात तो कधी पडत नाही. पण म्हणाला, ‘‘बाबा, ती बरोबर सांगते आहे.’’ मी विचारले, ‘‘तुझे कसे चालले आहे?’’ तो बराच वेळ बोलला. कामाविषयी एवढे त्याने मला बडोद्यात असताना कधी सांगितले नव्हते.

फोन ठेवल्यावर मी नवे पान आखले आणि वर सातही घरांची नावे लिहिली. पुण्यापुढचा कंस गाळला. जडेजाचे मोल नऊच ठेवले.