तो मोतीबिंदू नव्हता

गेल्या वर्षी रमजानला महिनाभर राहिला असेल. अब्बा असरच्या नमाजासाठी वजू करत होते. उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून त्यांनी तो मिटला, आणि डाव्या डोळ्याला नळ दिसला पण खालची बादली धुक्यात गेल्यासारखी दिसली. "कुछ नहीं, मोतीबिंदू होगा," म्हणाले आणि मशिदीत गेले.

आम्हा भावंडांनाही तेच वाटले. जुन्नर-आंबेगावात डोळा म्हटले की मोतीबिंदू. नारायणगावच्या मोहन ठुसे नेत्र रुग्णालयातून डॉ. मनोहर डोळे यांनी खेड्यापाड्यांतल्या, आदिवासी भागातल्या गरिबांपर्यंत ही शस्त्रक्रिया नेली. 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या गल्लीतही आनंद झाला होता. अम्मीचे दोन्ही डोळे असेच झालेले. एक दिवस पट्टी, महिनाभर थेंब, संपले. त्यामुळे घाई कसली? एका चष्म्याच्या दुकानात नंबर तेवढा बदलून आणला. तीन आठवडे गेले.

मग एका फजरनंतर कुरआन शरीफ उघडून अब्बा बराच वेळ गप्प बसले. "एका डोळ्याने बघितलं तर ओळी वाकतात," म्हणाले. त्या दिवशी आम्ही घाबरलो.

पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर दोन रेषा काढून दाखवल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रोहिणी आणि नीला काही ठिकाणी एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींवर वेष्टन एकच असते. रक्तदाबाने रोहिणी जाड नि कडक झाली की ती नीलेला दाबते. तिथे रक्त गोठते, पाणी पाझरते आणि पडद्याचा नेमका वाचायचा भाग सुजतो. दुखत मात्र काहीच नाही. अब्बांचा रक्तदाब त्या दिवशी 180 वर 110 निघाला. "गोळ्या?" डॉक्टरांनी विचारले. अब्बा खाली बघू लागले. काही त्रास नाही म्हणून चार महिन्यांपूर्वीच सोडल्या होत्या. घरात कुणी विचारलेही नव्हते, हे आम्हालाच जास्त लागले.

उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. ऐकूनच अम्मीने तोंडाला पदर लावला. प्रत्यक्षात बधिर करण्याचे थेंब घालतात, काम एका मिनिटाचे. भीती खुर्चीत बसेपर्यंतच. खरी अडचण पुढे होती. औषधाचा असर महिनाभरात ओसरतो, म्हणून सुरुवातीला दर महिन्याला जायचे. एकाच कामाच्या औषधांत किमतीचा फरक कितीतरी पट. कर्करोगासाठी निघालेले एक औषध यासाठीही वापरतात, ते बरेच स्वस्त. आम्ही डॉक्टरांना खर्चाचे स्पष्ट सांगितले आणि तेच घेतले. लाज वाटली, पण न सांगता मधेच बंद करण्यापेक्षा ते बरे.

दुसरे इंजेक्शन रमजानात आले. रोजा तुटेल का, या काळजीने अब्बा तारीख पुढे ढकलायला निघाले होते. इमामसाहेबांनी सांगितले, तुटत नाही. रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी सहरीला बसवून दिली.

तिसऱ्या इंजेक्शननंतर ओळी सरळ झाल्या. अब्बा पुन्हा शिलाईच्या मशीनवर बसले, आणि आम्ही पहिल्यासारखेच चुकलो. दिसते आहे ना, मग लग्नसराईचे कपडे आधी. जुन्नरहून पुणे म्हणजे पहाटेची एसटी, चाकणची कोंडी, एकाचा रोज बुडणार. दोन महिने गेलो नाही. गेलो तेव्हा स्कॅनमध्ये सूज पहिल्याइतकीच होती. पुन्हा इंजेक्शने झाली, सूज उतरली, पण नजर आधीइतकी आली नाही. पडद्याचा थोडा भाग कायमचा गेला, असे डॉक्टर म्हणाले. मोतीबिंदू उशिरा काढला तरी बहुधा दिसते. इथे गेलेला महिना परत मिळत नाही, हे आम्ही असे शिकलो.

आता सुईत दोरा नातू ओवून देतो. दर जुम्म्याला नमाजाला निघण्याआधी अब्बा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभे राहतात, आधी एक डोळा झाकतात, मग दुसरा, आणि चौकोनांच्या रेषा बघतात. चांगल्या डोळ्यालाही हे होऊ शकते, म्हणून. गोळी घेतली की अम्मी त्याच कॅलेंडरवर फुली मारते. तिला आता त्यांच्या शब्दावर भरवसा नाही.

मंचरला दिलेली आमची बहीण अर्ध्या वाटेत एसटीत चढते आणि अब्बांच्या शेजारी बसते, म्हणजे आम्हा भावांचा खाडा वाचतो. पुढची तारीख 18 आहे. तिने सांगून ठेवले आहे, डबा ती आणेल.