न विचारताच नोंदलेला नकार

ट्रायलच्या स्क्रीनिंग लॉगमध्ये एक रकाना असतो : रुग्ण का घेतला नाही, त्याचं कारण. बीडकडच्या एका मावशींच्या नंबरापुढे तिथे लिहिलंय, ‘रुग्णाची तयारी नाही’. ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. मावशींना कुणी विचारलंच नव्हतं.

मी कॅन्सरच्या रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. ट्रायलसाठी रुग्ण शोधणं, संमती, तपासण्या आणि ढीगभर कागद, असं हे काम.

मावशी ऊसतोडीला जायच्या. मिश्रीची जुनी सवय, गालाचा कॅन्सर, रेडिएशननंतर पुन्हा उलटलेला. रिपोर्ट, स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, सगळं ट्रायलच्या निकषांत बसत होतं. फाइल घेऊन मी ओपीडीत गेले. बाहेर तोबा गर्दी. डॉक्टरांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. “यांना नको. शिकलेल्या नाहीत, वीस पानांचा फॉर्म काय कळणार? आणि फॉलोअपला येणार नाहीत.” मी म्हटलं, वाचून दाखवते, साक्षीदार बसवते. “तुला वेळ असेल, मला नाही.” त्यात मुलानं आधीच बजावलेलं, “आईला कॅन्सर म्हणून सांगू नका मॅडम, हाय खाईल.” झालं! डॉक्टरांना तेवढं कारण पुरलं. दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये ती ओळ आली.

रेडिएशनच्या रांगेत रोज बसलेल्या बाईला आपल्या आजाराचं नाव माहीत नसेल, हे मुलाला खरंच वाटत होतं का?

क्लिनिकल ट्रायलसाठीच्या २०१९ च्या नियमांत निरक्षर माणसाला वगळा असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट वाचता येत नसेल तर संमतीची सगळी चर्चा होताना निःपक्ष साक्षीदार हजर हवा, त्यानं सही करावी, रुग्णानं अंगठा द्यावा, असं आहे. मावशींसारख्यांसाठीच केलेली ही सोय. आमच्याकडे मात्र तीच ‘कटकट’ ठरते आणि माणूस बाहेर राहतो.

पुढे आढावा बैठकीत ट्रायलमधली भरती कमी का, यावर चर्चा झाली. सगळ्यांचं एकच, लोक घाबरतात. घाबरतात हे खरं आहे. ‘आईवर प्रयोग करताय का?’ असं नातेवाईक तोंडावर विचारतात, आणि विचारायलाच हवं. पण न विचारलेल्यांचा नकार त्याच भीतीच्या खात्यावर टाकायचा, हे मला पटत नाही.

आपल्याच रुग्णांवरच्या ट्रायलमधून काय हाती लागतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब या औषधाचा फक्त २० मिलिग्रॅमचा डोस नेहमीच्या औषधांना जोडून पाहिला. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. महागडं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी दिलं तरी फायदा होतो, हे कुणी परदेशातून आपल्याला शोधून देणार नव्हतं.

तरीही माझं मत डळमळतं. एका आजोबांना मी सगळं नीट सांगितलं, कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, तेही सांगितलं. ते मान डोलावत राहिले. शेवटी म्हणाले, “डॉक्टरसाहेब म्हणतात ना? मग कुठं करायची सही?” नियमात सगळं बसलं. पण त्या सहीला संमती म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या दिवशी वाटलं, डॉक्टरांची शंका अगदीच खोटी नव्हती. मग पुन्हा वाटतं, आजोबांना निदान विचारलं तरी गेलं.

माझं एक मागणं आहे. पात्र असलेल्या प्रत्येकाशी बोलायचंच, आणि ज्यांच्याशी बोललो नाही त्यांच्यापुढे लॉगमध्ये ‘विचारलं नाही’ असं स्वच्छ लिहायचं. त्यासाठी माणूस हवा, रुग्णाशेजारी तासभर बसणारा, त्याच्या बोलीत बोलणारा. एसटीचं तिकीट दाखवलं की ट्रायलमधून प्रवासखर्च मिळतो, बुडालेली मजुरी मिळत नाही, तीही धरायला हवी. बजेटमध्ये रक्ताच्या नमुन्यांच्या कुरिअरपर्यंत सगळं लिहिलेलं असतं. बोलणाऱ्या माणसाचा पगार मी अजून एकाही बजेटमध्ये पाहिलेला नाही.