वर्सोव्याच्या गल्लीत, बंद दाराआड

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर सरळ घरी जाऊन ताणून देता. मी मात्र गेल्या शुक्रवारी घाटकोपरहून मेट्रो पकडली आणि थेट शेवटच्या स्टेशनला, वर्सोव्याला उतरलो.

बाहेर रिक्षांचा कलकलाट. आराम नगरच्या बाजूला वळलात की मोबाइलच्या स्क्रीनमध्ये बघून केस नीट करणारी, ऑडिशनला आलेली पोरं. चेहऱ्यांची ही दुनिया सगळ्यांना माहीत आहे. आवाजाची दुनियाही इथेच आहे, पण ती दिसत नाही. ती असते बंद दाराआड.

अशाच एका दाराआड माझी कॉलेजची मैत्रीण साउंड एडिटर म्हणून काम करते. दार इतकं जाड, की उघडायला खांदा लावावा लागतो. ते बंद झालं की अख्खी मुंबई म्यूट!

"बस, आणि फोन बंद कर," ती म्हणाली. तिला जाम टेन्शन होतं. हातात एक छोटी मराठी फिल्म होती. त्यात काम केलेल्या आजी शूटिंगनंतर काही महिन्यांनी गेल्या. म्हणजे डबिंगचा प्रश्नच नाही. सेटवर जो आवाज मिळाला, तेवढाच.

आपल्याकडे कित्येक वर्षं बहुतेक सिनेमांचे संवाद नंतर स्टुडिओत डब व्हायचे. 2001च्या 'लगान'ने सेटवरचाच आवाज वापरला आणि या पद्धतीची चर्चा वाढली. पण मग फायलींचा डोंगर होतो. प्रत्येक कलाकाराच्या कपड्यात एक माइक, डोक्यावर बूम, सगळ्यांचे ट्रॅक वेगळे. फिल्मचा एडिटर कापाकापी करतो ती या सगळ्यांच्या एकत्र, कच्च्या ट्रॅकवर. नंतर तो साउंडवाल्यांना एक यादी पाठवतो, ईडीएल. एकेका ओळीत लिहिलेलं असतं : कुठला रोल, कुठून कुठपर्यंत, आणि फिल्ममध्ये कुठे. तास, मिनिट, सेकंद, फ्रेम. सॉफ्टवेअर यादी वाचतं, मूळ फायली शोधतं आणि तुकडे आपोआप जागेवर मांडतं. या यादीचा सीएमएक्स 3600 हा जुना फॉरमॅट अजूनही चालतो. सीएमएक्स म्हणजे 1971 साली सीबीएस आणि मेमोरेक्सने मिळून काढलेली अमेरिकन कंपनी.

आपल्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर हा एक्सेलचा व्हीलुकअप!

तिने बटण दाबलं. काही मिनिटांत शेकडो तुकडे रांगेत. मी म्हटलं, "झालं की! चल, चहा पिऊ."

"थांब रे."

आजींचा शेवटचा सीन लागला. ओठ हलतायत एक, ऐकू येतंय भलतंच. सेटवर बॅटरी बदलताना रेकॉर्डरचं घड्याळ मागे गेलं होतं. एकाच रोलमध्ये दोन टेकना तोच टाइमकोड. आणि व्हीलुकअपचं तुम्हाला माहीतच आहे, दोन सारख्या नोंदी असल्या की पहिली सापडेल तीच उचलतो.

मग तिने हाताने शोधायला घेतलं. रेकॉर्डिस्टने लिहिलेला साउंड रिपोर्ट उघडला. एकेक फाइल लावली. प्रत्येकीच्या सुरुवातीला कुणीतरी सीन आणि टेकचा नंबर ओरडतो, मग क्लॅप. एडिटरच्या कच्च्या ट्रॅकशी ताडून बघितलं. नाही... हीपण नाही... रात्रीचे अकरा वाजले.

आणि मग सापडली! तिने फाइल जागेवर सरकवली. फक्त आजींच्या माइकचा ट्रॅक चालू ठेवला. आधी बांगड्यांचा बारीक आवाज, मग श्वास, मग, "जेवून घे रे, गार होतंय."

ओठ आणि शब्द अगदी फ्रेमला फ्रेम. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

खाली येऊन कटिंग घेतला. "सॉफ्टवेअरने माझे चार दिवस वाचवले," ती म्हणाली, "म्हणून तर या एका वाक्याला चार तास देता आले."

परतीच्या रिक्षात मी आईला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलास का?" एरवी मी घाईत "हो" म्हणून विषय संपवतो. त्या रात्री तिला बोलू दिलं.